खालचा थर

बरणीवरचं लेबल वाचलं आणि माझ्या हातातली पेन्सिल टेबलाखाली गेली. ती शोधायच्या निमित्तानं मी बराच वेळ वाकूनच राहिले, कारण तोंड वर काढायचं धाडस होईना.

लेबलवर नेहमीचाच मजकूर होता. पोलीस ठाणं, गुन्ह्याचा नंबर, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची सही, वर लाखेचं सील. खाली नाव: 'मयत भागूबाई रामजी सरगर'. संशय: धोत्रा.

भागूबाई सरगर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, वच्छाक्काची सासू. तेराव्यानंतर वच्छाक्का आपल्या लेकीला, छबूला घेऊन माझ्याच खोलीवर येऊन राहिली होती. शेजारणीनं पोलिसांना सांगितलं होतं की सुनेला धोत्र्याची बोंडं तोडताना तिनं पाहिलं. दाजींनी बायकोला एस.टी.त बसवलं आणि तिकीट काढून दिलं, पण बरोबर आले नाहीत. पोलिसांनी वच्छाक्काला बजावलं होतं, बहिणीचं शहर सोडायचं नाही, रिपोर्ट आला की बघू. तो रिपोर्ट आता माझ्या टेबलावर, बरणीतल्या अवयवांच्या रूपानं, मिठाच्या पाण्यात बुडून बसला होता.

आमच्या शासकीय प्रयोगशाळेच्या विष-विभागात मला लागून दुसरं वर्ष चालू होतं. बाईमाणसानं असल्या बरण्या उघडायच्या म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली, मग काम बघितल्यावर गप्प बसले. माझी स्वतःची तक्रार एवढीच होती की घरी जाऊन कितीही साबण लावला तरी केसांना ईथरचा वास राहायचा.

मी पेन्सिल उचलली आणि तडक मुजावर साहेबांकडे गेले. साहेब विभागातले सगळ्यांत जुने विश्लेषक. बुटके, कोल्हापूरकडचे, तोंडात पान आणि बोलणं तिखट. त्यांच्या टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यावर हरणी झोपली होती. हरणी म्हणजे प्रयोगशाळेची मांजर, आणि तिलाही नोकरी होती. धोत्र्याचं विष डोळ्यात गेलं की बाहुली मोठी होते आणि दोन-तीन दिवस तशीच राहते. म्हणून संशय धोत्र्याचा असला की काढलेल्या अर्काचा एक थेंब हरणीच्या एका डोळ्यात टाकायचा. त्यानं तिचं कायमचं काही बिघडत नसे. फार तर दोन दिवस उन्हातून चिडून सावलीत पळे. तिचं दूध सरकारी कागदावर 'किरकोळ सामान' म्हणून चढायचं.

"साहेब, ती नवी बरणी," मी म्हणाले. "ती माझ्या बहिणीची सासू आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "कुठल्या बहिणीची?"

"सख्ख्या. आणि संशय तिच्यावरच आहे. ती सध्या माझ्याकडे राहते."

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "सील तू तोडलंस?"

"नाही. लेबल वाचलं फक्त."

"बरं केलंस. आता नीट ऐक पोरी. आजपासून ती केस माझी. वर मी लेखी कळवतो. ती बरणी तू शिवायची नाही, माझ्या टेबलाकडे बघायचं नाही, मला काही विचारायचं नाही. तू हातभट्टीच्या बाटल्या घे आणि तोंड भिंतीकडे करून बस."

"हो साहेब."

"आणि मीसुद्धा तुला काही सांगणार नाही. पुढं कोर्टात वकिलानं विचारलं तर मला कुराणावर हात ठेवून बोलता आलं पाहिजे."

मी हो म्हणाले. नियम बरोबर होता आणि साहेब बरोबर होते. हातभट्टीच्या बाटल्या घेऊन मी भिंतीकडे तोंड करून बसले.

संध्याकाळी खोलीवर गेले तर वच्छाक्का भाकरी थापत होती. छबू कोपऱ्यात बसून डाव्या हातानं पाटीवर रेघोट्या ओढत होती. तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. पाणी तापवायच्या बंबाला लागला म्हणे.

वच्छाक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाटीवर 'ग म भ न' गिरवत होते. मला न्हाऊ घालणारी, वेणी घालणारी, शाळेत सोडणारी तीच. लग्न होऊन गेल्यावर सासूची नजर चुकवून माझ्यासाठी शेंगा आणि तांदूळ पाठवायची. मी शिकले ते तिच्या त्या पिशव्यांवर. हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच मला ती काही करील असं वाटत नव्हतं, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती.

"आली का गं ती बरणी?" तिनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"आली. पण मला नाही दिली. साहेब बघणार आहेत."

"का?"

"नात्यातली केस चालत नाही. ते माझ्याशी त्यावर बोलणारसुद्धा नाहीत."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "कुमे, नुसता पाला बांधला गुडघ्याला, तर तो अंगात उतरतो का? तिच्या सांध्यांना धोत्र्याचा पाला गरम करून बांधायचे मी. वैदूनं सांगितलेला."

"नुसत्या पाल्यानं पोटात काही मिळायचं नाही," मी म्हणाले आणि माझं मलाच हायसं वाटलं. बोंडं नव्हती तर, पाला होता. शेजारणीला पाल्याचीच बोंडं वाटली असतील. मी त्या रात्री बऱ्यापैकी जेवले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाठीमागे काम सुरू झालं.

मला बघायला बंदी होती, पण नाकावर कुणाचा हुकूम चालत नाही. आमचं काम असं होतं की आंधळ्यालाही वासावरून कळावं. पहिल्या दिवशी स्पिरिटचा वास आला, म्हणजे साहेबांनी अवयव बारीक करून अल्कोहोलमध्ये भिजवले. मग गाळणं, आटवणं. मग त्यात आम्ल. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ईथरचा गोडसर वास आला तेव्हा माझ्या हातातली हातभट्टीची बाटली मी खाली ठेवली.

आता हे काय असतं ते सांगायलाच हवं, नाहीतर माझी भीती कळायची नाही. माणसाच्या पोटातून जे निघतं त्यात सतराशे साठ गोष्टींचा काला झालेला असतो. त्यातून विष वेगळं काढायचं ते आम्ल आणि अल्कली यांच्या आधारानं. आम्ल घातलं की धोत्र्याचं विष पाण्याला चिकटून बसतं, ईथर कितीही ढवळला तरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ईथरकडे जातात त्या झोपेच्या गोळ्या, चरबी, असलं बाकीचं. तो वरचा ईथरचा थर बाजूला काढायचा. मग उरलेल्या पाण्यात अमोनिया, म्हणजे अल्कली, टाकायचा. अमोनिया पडला की तेच विष पाण्याला सोडतं. त्या क्षणी क्लोरोफॉर्म घालून हलवलं की ते झटकन क्लोरोफॉर्ममध्ये शिरतं. क्लोरोफॉर्म जड, म्हणून त्याचा थर नरसाळ्याच्या तळाशी बसतो. खालची तोटी उघडायची आणि तो थर वाटीत सोडायचा. विष असलं तर त्या खालच्या थरात. तिथं नाही, तर कुठेच नाही.

ईथरच्या वासाची मला भीती नव्हती. मी अमोनियाची वाट बघत होते.

पाठीमागे साहेब सेपरेटिंग फनेल हलवत होते. ते काचेचं पोटमोठं नरसाळं हलवताना आत हवा दाटते, ती सोडण्यासाठी मधूनमधून तोटी उघडावी लागते. फुस्स असा आवाज येतो. फुस्स. मग शांतता. मग पुन्हा फुस्स. मी भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे मोजावेत तसे बघत बसले होते.

"काय गं, तुझ्या दारूला उकळी फुटली का?" साहेब म्हणाले.

माझ्या पुढचा बर्नर केव्हाचा चालू होता आणि त्यावर काहीच नव्हतं. मी तो बंद केला.

दुपारी अमोनिया आला. वास नाकातून डोक्यात गेला आणि डोळ्यांना पाणी आलं. ते अमोनियाचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग फनेल हलण्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. थर वेगळे व्हायची वाट बघत असणार. कुजलेल्या अवयवांच्या चरबीनं कधीकधी मधे साबणाच्या फेसासारखं दाट होतं आणि थर सुटता सुटत नाहीत. त्या दिवशी तसंच झालं असावं, कारण साहेब दोनदा पुटपुटले, "सुट की बाबा, सुट की."

मीही मनात तेच म्हणत होते. पण मला तो थर सुटायला हवा होता की नको होता, ते मला सांगता आलं नसतं.

मग क्लोरोफॉर्म आटवल्याचा वास. मग नायट्रिक आम्लाचा, घसा खवखवणारा. म्हणजे शेवटची परीक्षा. वाटीतल्या वाळलेल्या कणांवर नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, ते पाण्याच्या वाफेवर वाळवायचे, आणि त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेला कॉस्टिक पोटॅश. धोत्रा असला तर लगेच जांभळा रंग उमटतो. सुंदर असतो तो रंग. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी असल्या रंगाची साडी घ्यायची ठरवलं होतं.

मी साहेबांना शब्द दिला होता. चांगली दोन-तीन मिनिटं मी तो पाळलाही. मग मान आपोआप वळली.

साहेब माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या कोपराच्या पलीकडे चिनी मातीची पांढरी वाटी दिसत होती. वाटीत जांभळं होतं.

मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. वच्छाक्का. मला वेणी घालणारी वच्छाक्का. ती फाशी जाईल, नाहीतर जन्मभर आत राहील, आणि छबूला दाजींच्या त्या घरात एकटीनं वाढावं लागेल. हे सगळं एका वाटीत लिहिलं होतं आणि ते वाचता येणारी माणसं त्या खोलीत फक्त दोनच होती.

खोलीवर पोचले ते कसं, मला आठवत नाही. वच्छाक्कानं ताट वाढलं. भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो बोटांतच राहिला.

ती समोर बसली होती.

"सापडलं ना?"

मी मान वर केली नाही.

"कुमे. माझ्याकडं बघ. सापडलं ना?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं, मला अधिकृतपणे काही माहीत नव्हतं. पण ते मी म्हणाले नाही, आणि त्या गप्प बसण्यातच सगळं बोलून झालं.

वच्छाक्का उठली. स्टोव्ह विझवला. "छबू, जा गं, मालकीणबाईंकडं खेळ जरा," म्हणाली. छबू गेल्यावर दार लोटून घेतलं आणि भिंतीला टेकून बसली.

"बंबाला नाही लागला तिचा हात," ती म्हणाली. "म्हातारीनं तापलेलं उलथनं ठेवलं. दुधावरची साय खाल्ली म्हणून. मी पाण्याला गेले होते. आले तर पोरगी रडतसुद्धा नव्हती. ओरडलीस तर दुसऱ्या हातावर ठेवीन, असं सांगितलेलं तिला."

"आक्का, तू मला हे आधी का..."

"ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा बोलायची नाही." तिचा आवाज अगदी सरळ होता, भाजी काय आणायची ते सांगतात तसा. "संध्याकाळी म्हातारीला ताप भरला. हुलग्याचं पातळ, ऊन माडगं कर म्हणाली. पाल्याबरोबर आणलेली बोंडं पडवीत होती. बी काढलं, पाट्यावर वाटलं. माडग्यात घातलं. कडू लागू नये म्हणून गूळ जास्त घातला. वाटी तिच्या उशाशी ठेवली आणि जाऊन छबूजवळ निजले. सकाळी वाटी रिकामी होती."

मी ताटाकडे बघत होते.

"मग दोन दिवस बडबडत होती. अंथरुणावरनं काहीतरी वेचायची बोटांनी. मी शेजारीच बसले होते. पाणी पाजत होते, कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तिसऱ्या दिवशी गेली."

"तुला काहीच वाटलं नाही?"

तिनं खरोखर विचार केला. "नाही गं. वाटेल वाटेल म्हणून वाट बघते आहे. छबूचं काय होईल, एवढंच वाटतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मला नेतील तेव्हा तिला तू ठेवून घे. त्यांच्याकडं धाडू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हणाले. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो बाजूला व्हावा असं मला वाटत होतं. इतके दिवस मी तिच्यासाठी भीत होते. आता मी तिलाच भीत होते, आणि ते तिला कळू नये म्हणून आणखी भीत होते. समोरचं ताट तसंच राहिलं. तिनं ते झाकून ठेवलं.

सकाळी प्रयोगशाळेत गेले तेव्हा माझा चेहरा कसा होता कोण जाणे. साहेबांनी एकदा वर बघितलं आणि खाली मान घातली. थोड्या वेळानं म्हणाले, "कुमुद, हरणीला दूध घाल गं जरा."

हरणीला दूध घालायचं काम साहेब दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मी बशी घेतली.

"आणि तिचा डावा डोळा उजेडात बघून घे. काल त्यात थेंब टाकलाय. लाल-बिल झालाय का बघ." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत ठासून म्हणाले, "मी मांजराबद्दल बोलतोय."

मी हरणीला उचलून खिडकीशी नेलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिचं तोंड धरून मी उजेडाकडे फिरवलं. उजवी बाहुली काकडीच्या बीसारखी बारीक झाली होती. डावीही काकडीच्या बीसारखी बारीक झाली होती. मी पुन्हा बघितलं. सावलीत नेऊन परत उन्हात आणलं. दोन्ही डोळे सारखे. हरणी वैतागून मला ओरबाडून पळाली.

पाठीमागे साहेब शिपायाला मोठ्यानं सांगत होते, "अरे, धोत्र्याचं बी संपलं बरं का आपलं. नवीन आणून ठेव. काल कंट्रोलला शेवटचं वापरलं."

कंट्रोल. मी खिडकीचा गज धरला.

कुठल्याही परीक्षेत दोन वाट्या असतात. एकीत तपासायचा अर्क, आणि शेजारी दुसरीत मुद्दाम आणलेल्या खऱ्या धोत्र्याच्या बियांचा अर्क, रसायनं चांगली आहेत ना आणि रंग नीट उमटतो ना हे बघण्यासाठी. हे मी शेकडो वेळा स्वतःच्या हातानं केलेलं होतं. नवीन मुलांना शिकवलेलं होतं. आदल्या दिवशी साहेबांच्या कोपराआडून मला एक वाटी दिसली आणि दुसरी वाटी असते हेच मी विसरून गेले. त्या टेबलावर कुणा परक्याची बरणी असती तर मी विसरले नसते.

भागूबाईच्या पोटात धोत्रा नव्हता. साहेबांनी अर्धा नमुना राखून ठेवून तो पुढे पुन्हा तपासला, तेव्हाही नव्हता. ताप मेंदूत जाऊन ती गेली, असं डॉक्टरांनी नंतर लिहिलं. तापातही माणूस बडबडतं आणि अंथरूण वेचतं. वाटी कशी रिकामी झाली ते कुणालाच कधी कळलं नाही. बहुतेक म्हातारीनं ते नुसतं जिभेला लावून मोरीत ओतलं असेल. सुनेच्या हातचं तिला कधी गोड लागत नसे.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. डोळे भरून आले, साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि तेवढ्यात आदल्या संध्याकाळचा तो सरळ आवाज आठवला. कडू लागू नये म्हणून गूळ जास्त घातला.

"अर्धी रजा टाक आणि घरी जा," साहेब म्हणाले. "बरं नाही वाटत तुला. रिपोर्ट जायला अजून वेळ आहे, आणि तू काही ऐकलेलं नाहीस."

"साहेब..."

"मांजराला दूध घातलंस. उपकार झाले. जा."

खोलीवर आले तर दारातच छबूची पिशवी भरून ठेवलेली दिसली. दोन झगे, पाटी, तेलाची बाटली. घर सारवल्यासारखं लख्ख होतं. वच्छाक्कानं खपली गव्हाची खीर केली होती, छबूला आवडते म्हणून. आपण उद्यापासून नसू असं धरून ती सगळी कामं उरकत होती.

"एवढ्या लवकर?" तिनं विचारलं. "आले का ते?"

"कुणी येणार नाही. आक्का, काही सापडलं नाही."

"कशात?"

"तिच्या पोटात. काही नव्हतं. ती तापानं गेली."

वच्छाक्काच्या हातात पळी होती. ती तशीच धरून ती उभी राहिली. "मग काल?"

"काल मी चुकीची वाटी बघितली."

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावर आधी सुटका आली, मग ती हळूहळू उतरली.

"पण मी घातलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते आता तुला ठाऊक आहे."

"हो."

"तू काल बोलली असतीस, की तुला माहीत नाही म्हणून, तर मी काही बोलले नसते."

खरंच होतं ते.

"सांगशील कुणाला?"

"काय सांगू? नसलेल्या विषाचा रिपोर्ट करत नाहीत."

तिनं मान हलवली. पिशवीतून छबूचे झगे काढून घडी करून ठेवले, पाटी कोपऱ्यात ठेवली. मग ताट घेतलं, भाकरी वाढली, वाटीत खीर वाढली, वर तुपाची धार सोडली, आणि ताट माझ्यापुढे ठेवलं.

"बस. कालपासून उपाशी आहेस. जेव."

मी बसले. छबू माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि तिची वाटी तिनं कधीच तोंडाला लावली होती. म्हणजे भीतीचं कारण नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. ही माझी बहीण होती आणि माझ्यावर तिचा जीव होता, हेही मला कळत होतं. तरी माझा हात मांडीवरून उठेना. एक श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल, पण वच्छाक्कानं तो बघितला.

ती माझ्या ताटापुढे उकिडवी बसली. माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या वाटीतल्या खिरीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला. पूर्ण वेळ ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती.

"आता जेव," म्हणाली.

मी जेवले. खीर चांगली झाली होती.

पुढे दाजी येऊन तिला घेऊन गेले. घरात तिचं राज्य आलं, मागून मुलगे झाले, छबू शिकली, लग्न करून गेली, आता छबूलाही नातवंडं आहेत. मुजावर साहेब केव्हाच गेले. त्या दोन दिवसांबद्दल मी आणि वच्छाक्का पुन्हा एक शब्दही बोललो नाही. मी दिवाळीला, रामनवमीला तिच्याकडे जाते. ती आता फार म्हातारी झाली आहे, वाढायला सुना असतात. पण मी पानावर बसले की ती काठी टेकत येते, माझ्या ताटातला पहिला घास उचलते आणि स्वतःच्या तोंडात घालते. पोरंटोरं हसतात. "आजी, मावशीआजीच्या ताटातलं खाल्ल्याशिवाय तुला करमतच नाही का?" म्हणतात. "धाकटीच्या ताटातलं गोड लागतं रे," ती म्हणते, माझ्याकडे न बघता.

इतक्या वर्षांत 'राहू दे, आक्का' असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. तो घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी ताटाला हात लावत नाही.